गवताखालची विहीर

आमच्या गावाला इतिहासाचं भारी कौतुक. गाव म्हणजे तरी काय, ग्वेल्फहून हॅमिल्टनकडे येताना हायवे सोडून आत वळलं की एक दगडी चर्च लागतं, मग बंद पडलेली पिठाची गिरणी, तिच्यामागचं तळं आणि मधोमध एक चौकोनी हिरवळ. तिला सगळे ग्रीन म्हणतात. ग्रीनच्या भोवती दगडी घरं. फार पूर्वी इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातून काही कुटुंबं इथं आली आणि मागं सोडलेल्या गावाच्या आठवणीनं त्यांनी इथं तसंच गाव मांडलं. नाव तेच, चर्च पूर्वेला, मधोमध ग्रीन आणि ग्रीनवर विहीर. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण गावात पाऊल टाकल्यापासून ते मला इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलंय की बस्स.

ग्रीनच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा लोखंडी हातपंप आहे. बाजूला पाटी लावलीय, की गावाची पहिली विहीर ती हीच. उन्हाळ्यात टोरांटोकडची मंडळी गाड्या थांबवून तिथं फोटो काढतात, दांडा हातात धरून हसतात आणि आइस्क्रीम खाऊन निघून जातात.

पाटी खोटी होती. विहीर पंपाखाली नव्हतीच. ती ग्रीनच्या पलीकडच्या अंगाला, मोठ्या मेपलच्या अलीकडे, गवताखाली होती आणि हे आम्हाला सोडून निम्म्या गावाला ठाऊक होतं. माझ्या मुलीच्या लग्नासाठी मी आईला वसईहून आणली आणि ती त्या विहिरीत गेली. म्हणून मी हे लिहायला बसलेय. गावाची इतिहासाची पुस्तिका आहे, गुळगुळीत कागदावर छापलेली, पण तिच्यात यातलं काही नाही.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. इथं आमची बरीच मंडळी मिसिसागा, ब्रॅम्प्टन अशी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. आम्हीही आधी तिथंच एका बेसमेंटमध्ये होतो. पण नवऱ्याला जमिनीची ओढ. मागच्या अंगाला चार झाडं लावता आली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. तो ओकव्हिलला कामाला, मी हॅमिल्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, म्हणून दोघांना मध्यावर पडेल असं हे गाव आम्ही निवडलं. आमच्या लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. जंगलात जाऊन बसलेत, म्हणाले, तिथं बोंबील मागितला तर लोक पोलीस बोलावतील.

पोलीस कोणी बोलावले नाहीत. उलट पहिल्याच आठवड्यात दारात दोन ॲपल-पाय आणि एक केक येऊन पडले. लोक गोड. पण ते गोड उंबऱ्याबाहेरचं. कोणी आत येऊन बसलं नाही की आम्हाला आत बसवलं नाही. अपवाद फक्त समोरच्या शेजारणीचा. पांढरे केस, ताठ कणा, शाळेतून निवृत्त झालेली आणि गावाच्या इतिहास समितीची प्रमुख. तिच्या स्वयंपाकघरात मी कितीदा तरी चहा प्यालेय. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसताना कंबर कशी वाचवायची, हे मला तिनं शिकवलं. मला ती आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी तिच्यावर पहिल्यापासून दात धरून होते.

मुलीचं लग्न ईस्टरनंतर ठरलं. आई थंडीतच आली, आईवडिलांसाठी असतो त्या सुपर व्हिसावर. वय ऐंशीच्या घरात, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, वर माझं जाकीट आणि जिभेला धार. विमानतळावरून घरी येताना गाडीतच तिनं बजावलं की बाकी तुमचं काय चाललंय ते चालू दे, पण उंबराचं पाणी विहिरीवरूनच येणार.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. तिथं पान, सुपारी आणि नाणं ठेवायचं, विहिरीला तिचा मान द्यायचा आणि मग पाणी भरून आणून नवरीला न्हाऊ घालायचं. याला उंबराचं पाणी म्हणतात. मिसिसागात आता हे लोक बागेच्या नळीनं बादली भरून करतात आणि त्या नळीभोवती नाचतात. मी आईला तसं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, मग चर्चमध्ये तरी कशाला जाता, फोनवरच लग्न लावून टाका. मुलगी शेजारी बसली होती, ती हसून म्हणाली, ‘‘शी हॅज अ पॉइंट, ममा.’’ झालं, दोघी एक झाल्या.

मला वाटलं, आपल्या गावात विहीर आहे की, पाटीसकट. मोठ्या दिमाखात मी आईला पंपापाशी घेऊन गेले. तिनं हातमोजे काढले, दांडा धरून दोनदा खाली-वर केला. कोरडा खडखडाट. मग पंपाच्या बुडाभोवती फिरली, काँक्रीट बुटानं घासून पाहिलं, आजूबाजूची जमीन पाहिली.

‘‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?’’ ती म्हणाली. ‘‘इथं विहीर कधी नव्हतीच. हा आणून ठेवलाय.’’

मी म्हटलं, पाटीवर लिहिलंय. ती म्हणाली, पाटी माणसंच लिहितात. तिचं सगळं आयुष्य विहिरींच्या सोबतीनं गेलेलं. विहिरीला उतार हवा, भोवती ओल हवी, बायकांच्या पायांनी झिजलेली वाट हवी, यातलं इथं काही नव्हतं. संध्याकाळी मी सहज शेजारणीला विचारलं. विहीर पहिल्यापासून तिथंच होती का? तिनं किटली उचलली, माझ्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, हो, ती नेहमी तिथंच होती. चहा बशीत सांडला. मी आपली टिशू शोधत बसले.

आईला मात्र चैन पडेना. थंडीत दुसरं करणार तरी काय, ती दिवसभर पुढच्या खोलीत जपमाळ घेऊन बसायची आणि बाहेर बघायची. मार्चमध्ये एकदा रात्रभर बर्फ पडून सकाळी सगळं गाव पांढरंशुभ्र झालं. छपरं, कुंपणं, ग्रीन, सगळं. मी कामाला निघालेली, विंटर टायर्सवरचा बर्फ झाडत होते, तर आई दारातून हाका मारायला लागली. ग्रीनवर मेपलच्या अलीकडे एक गोल डाग होता. चार माणसं पत्ते खेळायला बसतील एवढा. तिथं बर्फ टिकलाच नव्हता, खालचं पिवळं गवत दिसत होतं आणि वर पुसटशी वाफ होती.

नवरा म्हणाला, जुनी गटाराची पाइप असेल. आई म्हणाली, गप रे, थंडीत विहिरीचं पाणी उबदार असतं, ती श्वास सोडते. मग माझे बूट चढवून, काठी घेऊन, ती त्या डागाशी गेली. मीही मागोमाग. तिनं काठी आपटली. आधी बाहेर, मग डागात. बाहेर आवाज भरीव आला आणि आत पोकळ. माझ्या अंगावर उगीचच काटा आला, पण आईचा चेहरा असा फुलला होता, जणू परक्या मुलुखात माहेरचं माणूस भेटावं. म्हणाली, ‘‘ही बघ तुमची विहीर. वर लादी टाकून बंद केलीय.’’

लादी! सगळं त्या एका शब्दापाशी आहे. आमच्याकडे विहीर बंद करायची तर वर दगडाची लादी नाहीतर सिमेंटचा स्लॅब घालतात. आमच्या घरामागची विहीर वडिलांनी अशीच बंद केली होती. तिच्यावर आम्ही सुकट वाळवायचो, पाहुणे आले की खाटा टाकायचो, मे महिन्यात पोरांचे पत्त्यांचे डाव तिथंच रंगायचे. बंद विहीर म्हणजे वाडीतली सगळ्यांत भक्कम जागा, हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. विहिरींबद्दल काहीच माहीत नसलेलं माणूस त्या पोकळ आवाजानं चार पावलं मागं सरलं असतं. आई विहिरींच्या सगळ्या खुणा जाणत होती, म्हणून ती तिथंच उभी राहिली आणि काठी पुन्हा आपटून बघायला लागली.

त्यानंतर बर्फ वितळला आणि आई गावात फिरायला लागली. आमचं कॅथलिक चर्च दूर, म्हणून ती इथल्याच चर्चच्या आवारात जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. मेलेल्यांना कुठं पंथ असतो, म्हणायची. तिथं कुंपणाकडेला तिला पोरांचे दगड सापडले. लहान लहान, शेवाळलेले, एका बाजूला कललेले, एका ओळीत. मला घेऊन गेली वाचायला. सगळ्यांवर एकच वर्ष आणि महिने दोनच, ऑगस्ट आणि सप्टेंबर. तीन दगडांवर शेजारणीच्या माहेरचं आडनाव. एकाच सुगीत गावानं इतकी पोरं पुरली आणि पुस्तिकेत त्या काळाबद्दल लिहिलंय काय, तर इथली हवा निरोगी होती आणि सफरचंदं मोठी यायची.

शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, फार दुःखद काळ होता तो. आणि लगेच माझ्या मुलीच्या ड्रेसचा रंग विचारला. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, कुठंतरी पाणी मुरतंय गो. असं म्हणाली खरी, पण विहिरीवरचा तिचा जीव काही कमी झाला नाही. उलट, जिला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही तिला आता मान दिलाच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं.

आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली आणि हसण्यावारी नेली. ग्रीनवरचं गवत कापायला एक माणूस बसायच्या मशीनवर येतो. सगळी ग्रीन सरळ रेघांत कापतो, पण मेपलजवळ आला की वळसा घालतो. तेवढा तुकडा मग हातातल्या छोट्या यंत्रानं, काठावर उभा राहून कापतो. नवरा म्हणाला, झाडाच्या मुळांना जपत असेल. बघा, झाडाला जपतात हे लोक, असं मीही कौतुकानं म्हटलं. वर आलेली मुळं पार उलट्या बाजूला होती.

पाण्याचा प्रश्न आईनंच सोडवला. बंद विहिरीतून पाणी काढता येणार नाही हे तिलाही कळत होतं. गावाबाहेर एका शेतकऱ्याची चालू विहीर आहे. पाणी तिथून आणायचं, पण पान-सुपारी आणि नाणं ग्रीनवरच्या विहिरीला द्यायचं. ज्या गावात राहता त्या गावच्या विहिरीला विचारून न्हायचं असतं, असं तिचं म्हणणं. मी गावच्या कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी काढली. एक ट्रंपेट, एक घुमट म्हणजे आमचा मातीचा ढोल, तीसेक माणसं, संध्याकाळी तासभर. त्यांनी हसत हो म्हटलं. कुठल्या कोपऱ्यात, हे कोणी विचारलंच नाही.

दोन दिवसांनी शेजारीण आली. हातात लेमन स्क्वेअर्सचा, म्हणजे लिंबाच्या वड्यांचा डबा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली की कार्यक्रम पंपाजवळ केलात तर फोटो फार सुंदर येतील. मेपलच्या बाजूची जमीन जराशी असमान आहे, आम्ही सहसा तिकडे जात नाही.

आता माझा स्वभाव असा, की नाकावर माशी बसलेली मला खपत नाही. मला त्यात काय ऐकू आलं? की तुमचे ढोल आणि तुमची लुगडी टुरिस्टांच्या कोपऱ्यात ठेवा, आमच्या झाडाखाली नकोत. इतकी वर्षं या देशात काढली की माणसाचे कान असे तयार होतात. गोड शब्दांमागचं नको लगेच ऐकू येतं, आणि ते कशाला नको आहे हे आपलं आपणच ठरवून टाकतो. मीही तितकंच गोड हसून सांगितलं की खरी विहीर मेपलजवळ आहे, माझ्या आईनं शोधून काढलीय, आणि आमचा विधी विहिरीवरच होतो.

तिचा चेहरा उतरला. ‘‘ओह,’’ ती म्हणाली, ‘‘हॅज शी?’’ डब्याचं झाकण तिनं दोनदा लावलं. मग खिडकीतून ग्रीनकडे बघत म्हणाली की एवढी वर्षं काही झालं नाही, तेव्हा ठीकच असेल. आणि मग, लव्हली. इतकं बोलून ती गेली. मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंस, कसं पोटात दुखतंय. तो बिचारा म्हणाला, पंपाजवळ करू या ना, काय बिघडतं? त्याला मी असं काही सुनावलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

तो दिवस मात्र सुंदर उगवला होता. घरात तळलेल्या फुगियांचा वास, बेसमेंटमध्ये मिसिसागाहून आलेल्या मावश्या, मामी, त्यांच्या पिशव्या, त्यांचा आरडाओरडा. आईनं तोंडावर पावडरचा डबा उपडा केला म्हणून तिला सगळ्यांनी चिडवलं. ती म्हणाली, नवरी तुमची असली तरी करवली मीच. नवरी घरी थांबली, रीतच तशी. आम्ही बाकीच्या बायका शेतावरून आणलेलं पाणी नव्या तांब्याच्या कळशीत ओतून, ट्रंपेट आणि घुमटाच्या मागोमाग निघालो.

गावातली मंडळी बघायला आली होती, अगदी घडीच्या खुर्च्या घेऊन. पण सगळ्या खुर्च्या पंपाच्या बाजूला, रस्त्याला चिकटून. ग्रीन ओलांडून कोणी पुढं आलं नाही. एक तरुण बाई आपल्या लहान मुलीला घेऊन निघाली, तर मागून कोणीतरी हाक मारून तिला परत बोलावलं. तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि ती परत जाऊन उभी राहिली. मला भयंकर झोंबलं. आम्हाला काय रोग झालाय का? मी मुद्दाम मोठ्यांदा गायला लागले.

मेपलपाशी आल्यावर आईनं सगळ्यांना गोल उभं केलं. मधली जागा मोकळी ठेवा, म्हणाली, विहिरीला मान घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं द्यायचा. ती एकटी मध्ये गेली. वाकून गवतावर पान ठेवलं, सुपारी ठेवली, नाणं ठेवलं, पुटपुटत काहीतरी बोलली आणि छातीवर क्रूस काढला. एवढ्यावर ती परत आली असती तर. पण घुमटवाल्यानं ठेका बदलला आणि आमच्यातल्या कोणीतरी ओरडलं, ‘आजी, दोन पावलं!’ तिनं कमरेवर हात ठेवला, पदर खोचला आणि ती नाचायला लागली. छान नाचायची ती. मी फोन वर धरून हसत होते.

आवाज फार मोठा नव्हता. कुजलेला ओंडका पायाखाली मोडावा, तसा. ती ओरडली नाही. लाल लुगडं होतं, आणि मग गवत होतं, आणि गवताच्या मध्ये काळं भोक. ट्रंपेटवाल्याची तिकडे पाठ होती, त्यामुळे तो वाजवतच राहिला. त्याला कोणी थांबवलं, मला आठवत नाही.

मी धावले. दोघींनी मला कमरेला धरलं. त्याच क्षणी रस्त्याच्या बाजूनं किंचाळी आली. शेजारणीची. तिचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ती खुर्ची पाडून उभी राहिली होती, दोन्ही हात हलवत होती.

‘‘मागं व्हा! त्या फळ्या आहेत, खाली सगळ्या नुसत्या फळ्या आहेत!’’

म्हणजे तिला फळ्यासुद्धा ठाऊक होत्या.

मी पालथी पडून काठापर्यंत सरकत गेले. गार, कुबट वास आला. आईला हाका मारल्या. खालून फक्त माती पडल्याचा आवाज येत होता, पाण्यात. अग्निशमनवाले शेजारच्या गावातून आले, त्यांनी फार झटपट काम केलं, त्यांना बोल लावणार नाही. पण विहीर खोल होती, आणि वरून पडलेल्या फळ्या आईच्या आधी पोचल्या नव्हत्या, तिच्यावर पडल्या होत्या. तिला वर काढली तेव्हा कळशीतलं पाणी अजून तसंच भरलेलं होतं. कोणीतरी ते मेपलच्या बुडाशी ओतून टाकलं.

मुलगी म्हणाली, लग्नच नको. तिला समजावायला आठवडे लागले. शेवटी एका सकाळी दोन्हीकडची दहा-बारा माणसं चर्चमध्ये गेलो, ना वाजंत्री ना फुगिया. त्या दिवशी ती नळाच्या शॉवरखाली न्हाली आणि मी बाहेर दाराशी उभी होते.

शेजारीण आली ती अंत्यविधीनंतर. या वेळी हातात डबा नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात, कोट न काढता बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ती पोरं या विहिरीच्या पाण्यानं गेली. ताप आला आणि घरंच्या घरं रिकामी झाली. पाणी वाईट आहे हे काही मोठ्या माणसांना आधी कळलं होतं, पण नव्या गावाचं नाव खराब होईल म्हणून ती गप्प बसली. त्यात तिच्या आजोबांचे वडीलही होते. त्यांची स्वतःची तीन गेली. पुढं गावात नळ आले तेव्हा पंप उचलून कोपऱ्यात नेला, विहिरीवर देवदाराच्या फळ्या टाकल्या, वर माती आणि गवत. बुजवायची तर खोदावी लागली असती, विचारणा झाली असती, पाटी बदलावी लागली असती. प्रत्येक पिढीला वाटलं, आधीच्यांनी आतून भरली असेल. समितीत अधूनमधून विषय निघायचा आणि चहा आला की संपायचा.

मग ती म्हणाली, ‘‘मी तुला सांगायचा प्रयत्न केला होता.’’

‘‘तुम्ही मला जमीन असमान आहे म्हणालात.’’

‘‘मला उद्धट वाटायचं नव्हतं. तुम्ही सगळे इतके आनंदात होता.’’

मी तिला उठून जायला सांगितलं. तिच्या म्हणण्यात माझ्या कानांनी काय ऐकलं आणि ती काय म्हणत होती, यावर मी नंतर पुष्कळ विचार केलाय, आणि त्यातला माझा वाटा मी कोणावर ढकलत नाही. पण मला राग येतो, अजूनही येतो, ग्रोसरीच्या रांगेत उभी असतानासुद्धा येतो. शंभर माणसांच्या गावात एकाला, फक्त एकाला, तोंड उघडून तीन शब्द म्हणता आले नाहीत. तिथं जाऊ नका. उद्धट तर उद्धट.

चौकशी झाली, माणसं आली, मापं घेतली, सगळीकडे पिवळ्या पट्ट्या बांधल्या. मग एका सोमवारी खडीचे ट्रक आले. मी सुट्टीवर होते, पुढच्या पायरीवर बसून होते. एक ट्रक मागं मागं येत मेपलपाशी थांबला, त्यानं खडी ओतली. दुसऱ्यानं ओतली. छोट्या मशीननं एकानं ती दाबली, वर माती पसरली, गुंडाळून आणलेलं गवत सतरंजीसारखं उलगडलं आणि पाणी मारलं. मग त्यांनी हात धुतले, ट्रकच्या सावलीत बसून सँडविच खाल्ली आणि निघून गेले. दुपारचं जेवण व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं. एवढंच काम होतं.